रंगाची उलटतपासणी

अब्बियातेग्रासो, फेब्रुवारी १८७३

तुम्ही एका स्वयंपाकघरात उभे आहात, पण इथे स्वयंपाक होत नाही. टेबलावर काचेच्या बरण्या आहेत. बरण्यांत पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि त्यात बुडवलेले मेंदूचे छोटे तुकडे. उजेड मेणबत्तीचा. समोर वाकून बसलेले डॉक्टर कामिल्लो गोल्जी २९ वर्षांचे आहेत. पावियासारखं विद्यापीठाचं शहर सोडून ते उत्तर इटलीतल्या या लहान गावी आले, कारण आता कायमची नोकरी धर, असा वडिलांचा आग्रह होता. इथल्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयाचे ते मुख्य वैद्य आहेत. दिवसा रुग्ण पाहायचे आणि रात्री राहत्या जागेतल्या या खोलीत मेंदूचे काप करायचे, असा त्यांचा क्रम आहे.

आधी ते तुम्हाला कार्माइनने रंगवलेली स्लाइड दाखवतात. जर्मनीतल्या एर्लांगेनला योसेफ फॉन गेर्लाख यांनी १८५८ साली लहान मेंदूचा काप कार्माइनच्या अगदी पातळ द्रावणात रात्रभर ठेवला आणि पेशी उठून दिसल्या. तेव्हापासून हा लाल रंग युरोपभर चालतो. भिंगाला डोळा लावा. पेशी दिसतात, त्यांची केंद्रकं दिसतात. पण पेशीतून निघालेला तंतू जरा पुढे जातो आणि इतर तंतूंच्या गर्दीत हरवतो. कुठला तंतू कुठल्या पेशीचा, हे सांगता येत नाही.

मग गोल्जी दुसरी स्लाइड ठेवतात. हा तुकडा डायक्रोमेटमध्ये टणक झाल्यावर सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकलेला होता. पिवळ्या पार्श्वभूमीवर एक पेशी, काळीभोर, बुंध्यापासून शेवटच्या फांदीपर्यंत अखंड. माणसाच्या डोळ्याला मज्जापेशी अशी पूर्ण कधीच दिसली नव्हती. १६ फेब्रुवारीला गोल्जी आपले मित्र निक्कोलो मान्फ्रेदी यांना पत्रातून ही नवी रासायनिक क्रिया साधल्याचा आनंद कळवतात. पुढे जग तिला काळी अभिक्रिया म्हणून ओळखेल.

आता तुम्ही एकच विनंती करा. त्याच मेंदूतला शेजारचा तुकडाही दाखवा म्हणा. त्यात कडेला काळी खरपुडी धरली आहे आणि आत जवळपास काहीच नाही. तिसऱ्या तुकड्यात चार-दोन पेशी उमटल्या आहेत, पण वेगळ्याच जागी. या पद्धतीत शंभरातल्या जेमतेम एक ते पाच पेशी रंग धरतात. त्यातून फायदाही झाला, कारण सगळ्याच पेशी काळ्या झाल्या असत्या तर नुसता अंधार दिसला असता. पण कोणत्या पेशी रंग धरतील आणि कोणत्या कोऱ्या राहतील, हे गोल्जींना सांगता येत नाही. दीडशे वर्षांनंतरही त्याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही.

मेंदूच्या विकृतिशास्त्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला इथून एक प्रश्न सोबत घ्यावा लागतो. काचेवर जे दिसलं नाही, ते मेंदूतच नव्हतं, की ते दाखवणं रंगाला जमलं नाही? स्लाइड ही साक्षीदार असेल, तर निकालाआधी तिची उलटतपासणी व्हायलाच हवी. ती कशी करायची, हे शिकायला माणसांना शतकाहून जास्त काळ लागला. तो काळ आता तुम्ही चालून जाणार आहात.

बर्लिन, ऑक्टोबर १८८९

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांची सभा भरली आहे. एका टेबलाशी स्पेनहून आलेले ३७ वर्षांचे प्राध्यापक सान्तियागो रामोन इ काहाल उभे आहेत. साठवलेले पैसे मोडून ते इथवर आले. फ्रेंच मोडकंतोडकं आहे. बार्सिलोनात मे १८८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढून आपली निरीक्षणं छापली आणि ती युरोपभर धाडली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. म्हणून त्यांनी स्लाइडच बर्लिनला आणल्या.

गोल्जींची लहरी पद्धत त्यांनी दोन बाजूंनी ताब्यात आणली आहे. तुकडा एकदा रंगवून न थांबता तीच क्रिया ते पुन्हा करतात, म्हणजे रंग खोल मुरतो. आणि प्रौढ मेंदूऐवजी ते गर्भाचा किंवा नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा मेंदू घेतात. मायेलिनचं वेष्टण चढलेल्या तंतूंवर ही अभिक्रिया नीट होत नाही, कोवळ्या मेंदूत ते वेष्टण अजून तयार झालेलं नसतं. रंग फसण्याचं कारण त्यांनी शोधलं आणि ते कारण जिथे नाही अशी जागा निवडली. स्टेनिंग सुधारण्याची याहून चांगली रीत आजही नाही.

तुम्ही रांगेत उभे राहा. पुढे ७२ वर्षांचे अल्बर्ट फॉन क्योलिकर आहेत, या शास्त्रातलं त्या काळचं सगळ्यांत वजनदार नाव. काहाल वाद घालत नाहीत. ते लहान मेंदूची स्लाइड लावतात, भिंग स्थिर करतात आणि बाजूला सरकतात. क्योलिकर बघतात. डोळ्यातल्या पडद्याची स्लाइड येते, मग मज्जारज्जूची. आधी शंका घेणारे लोक आता काप किती दिवस द्रावणात ठेवला, द्रावण किती दाट होतं, असे प्रश्न विचारू लागतात. क्योलिकर पुढे हे प्रयोग स्वतःच्या प्रयोगशाळेत करून बघतात आणि काहालांचं लेखन वाचता यावं म्हणून स्पॅनिश शिकतात.

दर्जा तपासण्याची पहिली दोन कलमं तुम्हाला या टेबलाशी मिळतात. ज्याला त्या निकालात काही मिळवायचं नाही, अशा दुसऱ्या माणसाने स्लाइड पाहिली पाहिजे. आणि पद्धत अशी मांडली पाहिजे की दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी केली तरी तेच उमटावं.

पुढच्या टप्प्याकडे जाताना १९०६चा डिसेंबर लागेल. स्टॉकहोममध्ये गोल्जी आणि काहाल यांना वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं आहे. ११ तारखेच्या भाषणात गोल्जी मज्जापेशी स्वतंत्र असतात या सिद्धांतावर टीका करतात. १२ तारखेला काहाल तोच सिद्धांत मांडतात. रंग तोच, पेशी त्याच, अर्थ उलटे. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसायला १९५०च्या दशकातला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. स्लाइडचा दर्जा आणि तिच्यावरून काढलेला अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात, हे त्या दोन दिवसांत जगासमोर आलं.

म्युनिक, १९०६

एमिल क्रेपेलिन यांच्या मनोरुग्णालयातली प्रयोगशाळा. खिडक्यांपाशी मायक्रोस्कोपांची रांग, हवेत सिगारचा वास. आलोइस अल्झायमर एका टेबलावरून दुसऱ्याकडे जातात, विद्यार्थ्याच्या भिंगाला डोळा लावतात आणि बराच वेळ तिथेच थांबतात. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांनी ५१ वर्षांची एक बाई तपासली होती, ऑगुस्टे डेटर. विस्मरण, संशय, भाषेचा गोंधळ. ८ एप्रिल १९०६ला ती वारली आणि तिचा मेंदू फ्रँकफर्टहून इथे पाठवण्यात आला.

पहिली स्लाइड त्यांचे मित्र फ्रांत्स निस्ल यांच्या पद्धतीने रंगवलेली आहे. निस्ल यांनी विद्यार्थिदशेतच मज्जापेशीचा देह ठळक दाखवणारे रंग वापरात आणले. इथे पेशी विरळ झालेल्या दिसतात. रोग आहे हे कळतं, पण कोणता, ते कळत नाही.

दुसऱ्या स्लाइडला बर्लिनच्या माक्स बिएलशोव्स्की यांची चांदीची पद्धत वापरली आहे, तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांची. तुम्ही ती करणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभे राहा. काप आधी सिल्व्हर नायट्रेटमध्ये. मग चांदीच्या द्रावणात अमोनियाचा एकेक थेंब. द्रावण गढूळ होतं, थेंब पडत राहतात आणि गढूळपणा विरतो न विरतो तोच हात थांबला पाहिजे. अमोनिया जास्त झाला की रंग फिका. भांड्याला आधीच्या रसायनाचा अंश राहिला की सगळ्या कापावर चांदीचे काळे कण. धातूचा चिमटा चालत नाही, चांदी त्याच्यावरच बसते. शेवटी फॉर्मालिन, आणि काप तुमच्या डोळ्यांदेखत तपकिरी होत जातो.

आता भिंगातून बघा. पेशींच्या आत जाड, काळे, पिळलेले तंतूंचे गुंते. काही ठिकाणी पेशी पूर्ण नाहीशी झाली आहे आणि ती होती त्या जागी फक्त गुंता उरला आहे. पेशींच्या मधे गोल डाग, त्यांना आपण आज प्लाक म्हणतो. एकाच मेंदूचे दोन काप. एका रंगाने गुंता दाखवलाच नाही, दुसऱ्याने तो पहिल्या नजरेत दाखवला. बिएलशोव्स्कींची पद्धत तेव्हा नसती, तर आज साऱ्या जगाला माहीत असलेल्या या रोगाला चेहरा मिळायला किती काळ गेला असता, कोण जाणे.

३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमर हे मांडतात. कुणीही प्रश्न विचारत नाही. पण स्लाइड जपल्या जातात. १९९०च्या दशकात म्युनिकमध्ये त्या पुन्हा सापडतील, अडीचशेहून अधिक. नव्वद वर्षांनंतरचे विकृतितज्ज्ञ त्यांत तेच प्लाक आणि तेच गुंते बघतील. चांगलं स्टेनिंग किती टिकतं आणि जपलेली स्लाइड नंतरच्या माणसांना किती उपयोगी पडते, याचा हा सगळ्यांत मोठा दाखला आहे. मेणात बसवलेल्या ऊतीचे जुने ब्लॉक आणि स्लाइड अडगळ म्हणून टाकून देणाऱ्यांनी म्युनिक आठवावं.

जिनीव्हा, न्यूयॉर्क राज्य, १९२२

हे स्वित्झर्लंडमधलं जिनीव्हा नाही. अमेरिकेतलं त्याच नावाचं गाव आहे आणि इथल्या शेती संशोधन केंद्रात हॅरल्ड कॉन हे जीवाणुशास्त्रज्ञ काम करतात. त्यांच्यापुढच्या बाटल्यांवर एकाच रंगाचं नाव आहे, पण प्रत्येकीतून कापावर वेगळी छटा उमटते.

पहिल्या महायुद्धापर्यंत मायक्रोस्कोपचे रंग म्हणजे लाइपझिगच्या ग्र्युब्लर कंपनीचे रंग, असं समीकरण होतं. ग्र्युब्लर रंग बनवत नसत. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या मालातून प्रयोगशाळेला चालेल असा माल निवडायचा आणि बाटल्यांत भरून विकायचा, हा त्यांचा व्यवसाय. युद्धात जर्मन माल बंद झाला. अमेरिकी कारखान्यांनी रंग केले, पण कापडाला चालणारा रंग पेशीला चालेलच असं नाही. त्याच पद्धतीने काम करणाऱ्या अनुभवी हातांचे काप अचानक फसू लागले.

कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो मार्ग काढला तो बघा. प्रत्येक घाण्याचा नमुना मागवायचा, त्याची रासायनिक चाचणी करायची आणि तो रंग रोज वापरणाऱ्या जाणकारांकडून प्रत्यक्ष काप रंगवून घ्यायचा. दोन्ही कसोट्यांना उतरला तरच त्या घाण्याच्या बाटल्यांवर प्रमाणपत्राची चिठ्ठी. ही प्रथा पुढे बायॉलॉजिकल स्टेन कमिशन या नावाने स्थिरावली आणि अजून चालू आहे. बाटलीवरचं नाव पुरेसं नसतं, घाणा तपासावा लागतो. नवी बाटली फोडल्यावर आधी ओळखीच्या ऊतीवर ती करून बघायची आणि मगच रुग्णाच्या कापाला लावायची, ही आजची सवय इथून आली.

शिकागो, १९५३

हाइनरिख क्ल्यूव्हर आणि एलिझाबेथ बरेरा यांची प्रयोगशाळा. क्ल्यूव्हर यांना मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात पॉर्फिरिन नावाची संयुगं आढळली होती. त्यांच्याशी रचनेने मिळतेजुळते औद्योगिक निळे रंग मायेलिनला धरतील का, हे पाहता पाहता त्यांच्या हाती लक्झॉल फास्ट ब्लू लागला. सोबत पेशींसाठी जांभळा क्रेसिल व्हायोलेट. एकाच कापात पेशीही दिसतात आणि तंतूही.

रात्रभर गरम रंगात राहिलेला काप बाहेर काढला आहे. सगळाच निळा. आता उरलेलं काम सगळ्यांत अवघड आहे आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने करायचं आहे. काप लिथियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात बुडवा, मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. राखाडी द्रव्यातला रंग उतरू लागतो, पांढऱ्या द्रव्यातला टिकतो. भिंगाखाली बघा. अजून थोडं? पुन्हा बुडवा. पुन्हा बघा.

इथे थांबून तुमच्या हातात काय आहे याचा विचार करा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायेलिन नष्ट होतं आणि त्या जागा निळ्या कापात फिकट दिसतात. तुम्ही काही क्षण जास्त बुडवलं तर निरोगी मायेलिनही फिकट होईल आणि नसलेला रोग दिसेल. कमी बुडवलं तर खरी फिकट जागा निळ्या गाळात झाकली जाईल. म्हणून कुठल्याही परीक्षकाची नजर आधी दोन गोष्टींवर जाते. राखाडी द्रव्य खरोखर रंगहीन झालं आहे का, आणि शाबूत असल्याची खात्री आहे तिथलं मायेलिन गडद निळं आहे का? ही दोन टोकं ठीक असतील, तरच मधल्या फिकटपणाला अर्थ आहे.

मुंबई, १९६६

भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या न्यूरोपॅथॉलॉजी विभागात डॉ. दाराब दस्तूर काम करतात. कुष्ठरोगात त्वचेच्या नसांचं काय होतं, यावरचा त्यांचा अभ्यास १९५५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापून आला. यंदा बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी यांच्यासोबत क्षयामुळे होणाऱ्या मेंदूविकारावरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आहे. युरोपातल्या प्रयोगशाळांना क्वचित भेटणारे रोग इथे रोज दारात उभे असतात आणि स्टेनिंगची परीक्षाही इथे वेगळी असते.

क्षय आणि कुष्ठ, दोन्हींचे जीवाणू कार्बोल फुक्सिनचा लाल रंग धरतात आणि आम्लाने धुतल्यावरही सोडत नाहीत. पण कुष्ठाचा जीवाणू यात कच्चा आहे. काप मेणातून मोकळा करताना झायलीन आणि अल्कोहोल त्याच्या मेणचट आवरणातला अंश ओढून नेतात. मग आम्ल जरा कडक पडलं की लाल रंग निघून जातो. स्लाइड स्वच्छ निळी दिसते आणि रिपोर्टात जीवाणू नाहीत असं लिहिलं जातं. पण रुग्णाच्या नसेत ते असतात.

यावरचा उपाय जॉर्ज फाइट यांनी १९४७ साली सहकाऱ्यांसह मांडला आणि आजही कुष्ठाच्या काचा त्याच वाटेने रंगवल्या जातात. झायलीनमध्ये शेंगदाण्याचं तेल मिसळायचं. तेलाचा पातळ थर जीवाणूंच्या आवरणाला सांभाळतो. अल्कोहोल टाळायचं, आम्ल सौम्य ठेवायचं. आणि सोबत नेहमी दुसरी एक काच रंगवायची, जिच्यात जीवाणू आहेत हे आधीच माहीत आहे. तिला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलवर लाल काड्या दिसल्या, तरच रुग्णाच्या काचेवरचं ‘नाही’ मोजायचं. कंट्रोल कोरी निघाली, तर रुग्णाबद्दल काहीही बोलायचा अधिकार तुम्हाला उरत नाही, काम पुन्हा करायचं.

अटलांटा, १९९०चं दशक

आता अल्झायमरचं निदान जगभर होतं आणि एक नवी अडचण उभी आहे. एका शहरात बिएलशोव्स्की, दुसऱ्यात त्याची बदललेली रूपं, तिसऱ्यात चमकणारा थायोफ्लेविन. प्रत्येक जण प्लाक मोजतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. १९८६ साली सुरू झालेल्या सेराड या अमेरिकी उपक्रमाच्या मेंदू-विकृती गटाने अटलांटाच्या सुझान मिरा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सर्वांसाठी एक रीत छापली. मेंदूच्या ठरलेल्या जागांचे काप घ्यायचे, ठरलेले रंग वापरायचे आणि प्लाक मोजत बसण्याऐवजी नमुना-चित्रांशी ताडून विरळ, मध्यम किंवा दाट एवढंच लिहायचं.

मग त्यांनी ही रीतसुद्धा तपासायला टाकली. अनेक केंद्रांच्या विकृतितज्ज्ञांनी तेच मेंदू तपासले आणि निकाल १९९४ साली जाहीर झाले. कोणता मेंदू जास्त बाधित आणि कोणता कमी, या क्रमावर बरंच एकमत होतं. प्रत्यक्ष आकडे मात्र केंद्रागणिक बदलत होते आणि त्यात स्टेनिंगच्या फरकाचा वाटा होता. पुढे युरोपातल्या मेंदूपेढ्यांच्या गटानेही असाच ताळा घेतला. चांदीच्या पद्धतींत केंद्राकेंद्रांत फरक जास्त पडला, ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवलेल्या कापांवर एकमत जास्त झालं.

तुम्ही या खोलीत बसून एक गोष्ट मनात नोंदवा. इथले लोक नावाजलेले आहेत. आपापल्या रुग्णालयात त्यांचा शब्द शेवटचा असतो. तरीही ते स्वतःची स्लाइड दुसऱ्याच्या स्लाइडशेजारी ठेवायला तयार झाले आणि फरक लपवायचा सोडून त्यांनी तो छापला. या शास्त्राची सर्वांत मोठी कमाई कुठल्या एका रंगापेक्षा ही तयारी आहे, असं मला वाटतं.

आल्बोर्ग, आज

डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठ रुग्णालयात २००३ पासून नॉर्डिक्यूसी हा तपासणी उपक्रम चालतो. अनेक डोळे एकाच वेळी लावता येतील असा मायक्रोस्कोप मधे आहे. तुम्हीही एका भिंगाशी बसा. इथून देशोदेशींच्या प्रयोगशाळांना एकाच ऊतीचे न रंगवलेले काप जातात. त्यांनी ते आपल्या रोजच्या पद्धतीने रंगवून परत पाठवायचे. परीक्षक चारपैकी एक शेरा देतात: उत्तम, चांगली, काठावरची, वाईट. शेवटचे दोन शेरे म्हणजे ही स्लाइड निदानाला पुरेशी नाही.

मेंदूच्या गाठींसाठी रोज लागणारा एक रंग समोर येतो, तारापेशींतलं जीएफएपी हे प्रथिन दाखवणारा. चांगल्या स्लाइडवर तारापेशींच्या बारीक फांद्यांपर्यंत तपकिरी रंग आहे आणि पार्श्वभूमी स्वच्छ. पुढच्या स्लाइडवर तोच काप, पण रंग फक्त जाड फांद्यांवर. घाईत असलेल्या माणसाला हीसुद्धा चालली असती. परीक्षकांना चालत नाही, कारण प्रथिन कमी असलेल्या गाठीत हीच पद्धत वापरली तर काच कोरी राहील. म्हणून कंट्रोलसाठी अशी ऊती निवडतात जिच्यात ते प्रथिन आहे, पण थोडं आहे. भरपूर प्रथिनाची ऊती कमकुवत पद्धतीलाही पास करून टाकते.

२००३ ते २०१५ या काळात इथे ३० हजारांहून अधिक स्लाइड तपासल्या गेल्या. स्तनाच्या कर्करोगाच्या गटात सुमारे २० टक्के आणि सर्वसाधारण गटात सुमारे ३० टक्के निकाल अपुरे ठरले. त्या अपुऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के स्लाइडचा दोष एकच होता: रंग फार फिका, किंवा जिथे यायला हवा तिथे आलाच नाही. म्हणजे चुकीचं ‘आहे’ कमी आणि चुकीचं ‘नाही’ फार जास्त. तुम्ही १८७३च्या स्वयंपाकघरातून सोबत आणलेल्या प्रश्नाचं हे आकड्यांतलं उत्तर आहे.

मेंदूच्या गाठींत या ‘नाही’ची किंमत मोठी आहे. २००९ पासून आयडीएच१ जनुकातला सर्वांत सामान्य बदल एका प्रतिपिंडाने कापावरच दिसतो आणि तो आहे की नाही यावर ग्लायोमाचा प्रकार, पुढचा अंदाज आणि उपचार ठरतात. एटीआरएक्स या प्रथिनाचं उलट आहे. तिथे गाठीच्या पेशींत रंग न दिसणं हाच निकाल असतो. पण त्याच कापातल्या रक्तवाहिन्यांच्या निरोगी पेशींनी रंग धरलेला असेल तरच तो निकाल खरा. त्याही कोऱ्या असतील तर पद्धत फसली आहे. हे पाहायला दुसरी काचही लागत नाही. साक्षीदार त्याच कापात बसलेला असतो, फक्त त्याला विचारायला हवं.

आणि हे सगळं रंगाच्या बाटलीआधी सुरू होतं. फ्रँकफर्टच्या फर्डिनंड ब्लूम यांनी १८९३ साली फॉर्मालिनने ऊती टिकतात हे दाखवलं, तेव्हापासून मेंदूचा तुकडा शस्त्रक्रियागृहातून थेट फॉर्मालिनमध्ये जायला हवा. तो तासन् तास कोरडा पडला, अपुऱ्या फॉर्मालिनमध्ये कोंबला गेला किंवा काप जाड-पातळ कापला गेला, तर पुढचा कितीही चांगला रंग ते भरून काढू शकत नाही.

आता तुम्ही परत आपल्या गावात आहात. प्रयोगशाळांच्या मानकांत बाहेरच्या तपासणीत भाग घेण्याची अट आहे आणि आपल्याकडे एनएबीएलची मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळांना ती पाळावी लागते. पण मान्यता घेणं ऐच्छिक आहे आणि गावोगावच्या कित्येक छोट्या प्रयोगशाळा तिच्याबाहेर आहेत. म्हणून घरातल्या कुणाच्या मेंदूची किंवा नसेची बायोप्सी झाली, तर तीन गोष्टी विचारा. ही प्रयोगशाळा बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत भाग घेते का? या रिपोर्टामागे कंट्रोल स्लाइड होती का? दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल तर ब्लॉक आणि स्लाइड मिळतील का? चांगल्या पॅथॉलॉजिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात.

आणि ज्यांच्या हातात हे काम आहे त्या प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती. रंगवणाऱ्या टेक्निशियनला कंट्रोल बघायला वेळ द्या, फसलेला काप पुन्हा करायची मुभा द्या आणि परीक्षकाचा वाईट शेरा आला तर तो कपाटात न ठेवता त्यालाही वाचायला द्या. रुग्ण ती काच कधीच बघणार नाही. त्याच्या वतीने ती तपासणं हे आपलं काम आहे.